पावसाच्या पाण्याचं बिल कुणाच्या नावावर?

मुंबईत इंग्रजांच्या काळात पावसाळी गटारं बांधली गेली, तेव्हा अभियंत्यांनी दोन आकडे गृहीत धरले होते. पाऊस जास्तीत जास्त तासाला २५ मिलिमीटर पडेल, हा पहिला. पडलेल्या पावसापैकी निम्मंच पाणी गटारात येईल आणि उरलेलं निम्मं जमीन शोषून घेईल, हा दुसरा. १९८५ च्या पुरानंतर शहराच्या सगळ्या निचरा व्यवस्थेचा नव्याने अभ्यास झाला आणि १९९३ मध्ये त्याचा अहवाल आला. ‘ब्रिमस्टोवॅड’ या नावाने तो पुढे वर्तमानपत्रांतून सगळ्यांच्या ओळखीचा झाला. त्या अहवालाने दोन्ही आकडे बदलले. पाऊस तासाला ५० मिलिमीटर धरला आणि जमिनीत मुरणारं पाणी शून्य धरलं. पहिल्या बदलाची चर्चा भरपूर झाली. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर तर ‘२५ ची क्षमता ५० करायची’ हे वाक्य सगळ्यांच्या तोंडी बसलं. दुसऱ्या बदलाबद्दल फारसं कुणी बोललं नाही, आणि खरं तर दोन्हींचं वजन सारखंच आहे. एका हेक्टरचा हिशेब मांडून पाहा. तासाला २५ मिलिमीटर पाऊस आणि त्यातला निम्मा वाहणारा, म्हणजे तासाला १२५ घनमीटर पाणी. तासाला ५० मिलिमीटर आणि सगळाच्या सगळा वाहणारा, म्हणजे ५०० घनमीटर. गटाराने पेलायचं पाणी चौपट झालं. त्यातली एक दुप्पट पावसाचा अंदाज वाढवल्यामुळे आली. दुसरी आली ती आपण जमिनीचं जे केलं त्यामुळे.

ही दुसरी दुप्पट कुणा एकाने केलेली नाही. सोसायटीने आवारातली माती काढून पेव्हर ब्लॉक बसवले. बिल्डरने वाहनतळाचं पोडियम कुंपणाच्या भिंतीपर्यंत नेलं. पालिकेने पदपथाकडेची मोकळी पट्टी सिमेंटने भरून टाकली आणि झाडाच्या बुंध्यापर्यंत काँक्रीट आणलं. कारखान्याने मागचं मैदान ट्रक उभे करायला पक्कं करून घेतलं. प्रत्येकाकडे पटण्यासारखं कारण होतं: चिखल होत नाही, चार गाड्या जास्त लागतात, झाडलोट सोपी जाते. हा फायदा ज्याचा त्याला मिळाला. त्यातून निघालेलं जादा पाणी मात्र फाटकाबाहेर गेलं, आणि फाटकाबाहेर गेल्यावर ते सगळ्यांचं झालं. म्हणजे आधी रस्त्याचं, मग नाल्याचं, आणि शेवटी उतारावर खाली राहणाऱ्या तळमजल्यावरच्या कुटुंबाचं. अर्थशास्त्रात याला बाह्य खर्च म्हणतात. करणारा एक आणि भरणारा दुसरा, असा हा खर्च. पाणी तुंबण्याचा प्रश्न आपल्याकडे नेहमी अभियांत्रिकीचा, नाहीतर भ्रष्टाचाराचा म्हणून मांडला जातो. ते दोन्ही त्यात आहेत. पण मुळात तो एका न मांडलेल्या हिशेबाचा प्रश्न आहे, असं मला ठामपणे वाटतं. जमीन पक्की करणं जोवर करणाऱ्याला फुकट आहे, तोवर शहर कितीही मोठी गटारं बांधो, ती अपुरीच पडत राहतील.

हिशेब न मांडण्याची ही सवय कागदावर स्पष्ट दिसते. मुंबईतल्या मालमत्ता कराचं देयक हातात घ्या. त्यात सर्वसाधारण कर असतो, जल कर आणि जललाभ कर असतो, मलनिःसारण कर आणि मलनिःसारण लाभ कर असतो, पालिकेचा आणि राज्याचा शिक्षण उपकर, रोजगार हमी उपकर, वृक्ष उपकर, पथकर असतो. पावसाच्या पाण्याचा रकाना नसतो. पर्जन्य जलवाहिन्यांचा खर्च, नालेसफाईचं दरवर्षीचं कंत्राट, उदंचन केंद्रांची वीज, हे सगळं सामाईक पैशातून भागवलं जातं. कर ठरतो तो २०१० पासून मालमत्तेच्या भांडवली मूल्यावर. साहजिकच सारख्याच मूल्याचे दोन भूखंड, एकात आंब्याफणसाची बाग आणि मातीचं अंगण, दुसऱ्यात भिंतीपासून भिंतीपर्यंत लादी, सारखाच कर भरतात. बाग राखणारा शहराचा खर्च वाचवतो, आणि त्याला त्याचा एक पैसाही परत मिळत नाही. लादी घालणारा खर्च वाढवतो, आणि त्याला कुणी विचारत नाही. अशा व्यवस्थेत हळूहळू सगळीच अंगणं लादीची झाली, तर त्यात लोकांचा दोष काढता येणार नाही.

हा वाढीव खर्च किती, ते उदंचन केंद्रांवर सर्वात स्वच्छ दिसतं. मुंबईचा प्रश्न समुद्राने अवघड केलेला आहे. शहराचं पावसाचं पाणी जिथे समुद्रात किंवा खाडीत उतरतं अशी १८६ पातमुखं आहेत. त्यांपैकी ४५ समुद्राच्या सरासरी पातळीच्याही खाली आहेत, १३५ सरासरी पातळीच्या वर पण भरतीच्या पातळीच्या खाली आहेत, आणि भरतीच्याही वर आहेत ती फक्त ६. म्हणजे मोठी भरती आणि मोठा पाऊस एकाच वेळी आले की जवळपास सगळी दारं बंद होतात आणि पाणी उचलूनच बाहेर टाकावं लागतं. त्यासाठी आठ उदंचन केंद्रं ठरली. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गझदरबंध ही सहा एकामागून एक सुरू झाली. मोगरा आणि माहुल जागेच्या प्रश्नात वर्षानुवर्षं अडकली. या केंद्रांवरचा एक पंप सेकंदाला सुमारे ६००० लिटर पाणी उचलतो. तासाला २१,६०० घनमीटर. मघाच्या हिशेबाने, थेंबभरही न मुरवणाऱ्या ४३ हेक्टर वस्तीचं पाणी तो सांभाळू शकतो. त्याच वस्तीने निम्मा पाऊस आपल्याजवळ धरला असता, तर तोच पंप ८६ हेक्टरांना पुरला असता. प्रत्येक दुसरा पंप, त्याची इमारत, त्याचा वीजपुरवठा, त्याच्यासाठी समुद्रकाठी लागणारी जागा, हा सगळा खर्च पक्क्या केलेल्या जमिनीचा आहे. शिवाय ही यंत्रणा वर्षातले मोजके तास पूर्ण क्षमतेने चालते आणि उरलेला काळ नुसती सांभाळावी लागते. १९९३ च्या अहवालात सगळ्या कामांचा अंदाज ६१६ कोटी रुपयांचा होता. कामं वेळेवर झाली नाहीत. २००७ मध्ये केंद्राने मान्यता दिली तेव्हा आकडा १२०० कोटींवर गेला होता, आणि प्रत्यक्ष खर्च त्याच्याही पुढे निघून गेला. यात महागाईचा वाटा मोठा आहे, हे मान्य. पण दर वर्षी शहराचा जो आणखी थोडा भाग पक्का होत गेला, त्याचाही वाटा आहे, आणि तो कुठल्याही अंदाजपत्रकात वेगळा दाखवलेला नाही.

हा हिशेब मांडता येत नाही, असं मात्र नाही. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात जुन्या पद्धतीत पावसाच्या पाण्याचा आकार नळजोडणीच्या मीटरवर ठरायचा. त्याचा परिणाम असा, की मोठ्या नळजोडणीची, पण थोड्या जागेवर उभी असलेली उंच इमारत भरमसाट भरायची, आणि एकरभर डांबरी वाहनतळाला नळजोडणीच नसल्यामुळे त्याला काहीच भरावं लागत नसे. गटारात मात्र सर्वांत जास्त पाणी याच वाहनतळाचं यायचं. २०१० पासून शहराने बिगरनिवासी जागांना भूखंडाच्या आणि त्यावरच्या पक्क्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर आकार लावायला सुरुवात केली. एकदम न करता चार वर्षांत टप्प्याटप्प्याने केली, आणि ज्याने आपलं पाणी आपल्या जागेत धरलं त्याला आकारात सूट ठेवली. घरांच्या बाबतीत मोजणीच्या भानगडीत न पडता सरासरी काढून एकच रक्कम लावली. लगोलग २०११ मध्ये शहराचा २५ वर्षांचा आराखडा मंजूर झाला. प्रचंड बोगदे खणण्याऐवजी एकेक एकर पृष्ठभागावरचं पहिलं एक इंच पावसाचं पाणी जागच्या जागी अडवायचं, हा त्याचा गाभा. याचं मोजमाप ते ‘हिरवा केलेला एकर’ या एककात करतात. मला यातली महत्त्वाची गोष्ट झाडं लावण्याची वाटत नाही. आकार आणि सूट यांमुळे हजारो खासगी मालकांना पाणी अडवण्यात स्वतःचा फायदा दिसू लागला, ही गोष्ट महत्त्वाची. पालिकेने स्वतः प्रत्येक वाहनतळ खणायचा म्हटलं असतं, तर तेवढा पैसाही पुरला नसता आणि तेवढी माणसंही.

जर्मनीत हीच गोष्ट न्यायालयांच्या वाटेने आली. तिथे पूर्वी वापरलेल्या नळाच्या पाण्यावरून सांडपाणी आणि पावसाचं पाणी या दोन्हींचा मिळून एकच आकार घेतला जायचा. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याच्या उच्च प्रशासकीय न्यायालयाने २०१० मध्ये हे समानतेच्या तत्त्वात बसत नाही असं ठरवलं, कारण कोण किती पाणी पितो यावरून त्याच्या छपरावरून किती पाणी वाहतं ते कळत नाही. त्यानंतर त्या राज्यातल्या लहान लहान गावांनीही विमानातून काढलेल्या छायाचित्रांवरून छपरं आणि फरसबंद अंगणं मोजली आणि चौरस मीटरमागे दर लावला. गच्चीवर माती आणि गवत असेल, अंगणात पाणी झिरपू देणारी फरशी असेल, तर तेवढा दर कमी. जपानने वेगळा मार्ग घेतला. टोकियोच्या उत्तरेला सैतामा प्रांतात जमिनीखाली खोलवर ६.३ किलोमीटरचा पूरबोगदा २००६ मध्ये पुरा झाला, आणि त्याच्या खांबांच्या भव्य टाकीचे फोटो जगभर फिरले. आपल्याकडेही असं काही हवं, अशी मागणी तो पाहून होते. पण त्याच देशाने २००३ मध्ये कायदा करून निवडक नद्यांच्या पाणलोटात १००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त जमीन पक्की करणाऱ्यावर परवानगीची आणि पाणी धरून ठेवण्याची सक्ती आणली, ही गोष्ट त्या फोटोंसोबत येत नाही. एवढा मोठा बोगदा बांधणाऱ्या देशालाही निव्वळ बोगद्यावर भागवता आलेलं नाही.

यावर अभियंत्यांचा पहिला आक्षेप असतो तो काटकसरीचा, आणि तो गंभीरपणे घेण्यासारखा आहे. नळाचा व्यास दुप्पट केला तर त्यातून वाहणारं पाणी दुप्पट नाही, चौपटही नाही, सहापटीहून अधिक होतं. मग हजार ठिकाणी हजार टाक्या बांधण्यापेक्षा एकच मोठी वाहिनी स्वस्त पडणार नाही का? रिकाम्या माळावर नवं शहर वसवायचं असेल तर कदाचित पडेलही. पण भरल्या शहरात वाहिनीच्या खर्चात नळाचा हिस्सा थोडा असतो. रस्ता खणणं, त्याखालच्या पाण्याच्या, गॅसच्या, विजेच्या आणि टेलिफोनच्या तारा-वाहिन्या हलवणं, वाहतूक वळवणं, नाल्याकाठच्या झोपड्यांतल्या कुटुंबांचं पुनर्वसन करणं, यात पैसा आणि वर्षं जातात. ब्रिमस्टोवॅडची कामं रखडली त्यात नाले रुंद करायला जागा न मिळणं हे मोठं कारण होतं. आणि मुंबईत वाहिनी कितीही मोठी केली तरी भरतीच्या वेळी तिचं तोंड समुद्राने दाबलेलंच असतं. तिथे व्यासाचा फायदा संपतो. त्या दोन-तीन तासांत पाणी कुठेतरी थांबवून धरणं एवढाच उपाय उरतो. पालिकेला हे उमगलेलं आहे. दादर-परळच्या हिंदमाता परिसराचं पाणी घेण्यासाठी तिने दादरच्या प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली साठवण टाक्या बांधल्या. वर खेळायचं मैदान, खाली पाणी. भरती उतरली की ते सोडून द्यायचं. म्हणजे धरून ठेवण्याचं तत्त्व शहराने स्वीकारलं आहे, पण फक्त सार्वजनिक जागेत आणि फक्त सार्वजनिक पैशाने. ज्यांच्या आवारातून ते पाणी हिंदमाताच्या खोलगटात उतरतं, त्यांच्याकडे अजून कुणी वळलेलं नाही.

दुसरा आक्षेप सव्वीस जुलैचा. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यातला बहुतेक दुपारनंतरच्या काही तासांत. अशा पावसापुढे सोसायटीची टाकी काय करणार? काहीच करणार नाही, हे उघडपणे मान्य केलं पाहिजे. पण तासाला ५० मिलिमीटरची वाहिनीही त्या दिवशी काही करू शकली नसती. तशा दिवसासाठी कामाला येतात ती खाजणं, मिठागरं, खारफुटी, नदीकाठची सखल मोकळी जमीन. आणि ती राखण्याचा प्रश्न वेगळ्या कायद्यांचा आहे. त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७३-७४ मिलिमीटर पाऊस झाला, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. शहराचं नेहमीचं नुकसान मात्र मध्यम पावसांनी होतं. हिंदमाता, मिलन सबवे, कुर्ला, अंधेरीचा सबवे इथे वर्षातून अनेकदा पाणी भरतं ते काही ९४४ मिलिमीटरने नाही. तासाला साठ-सत्तर मिलिमीटरची एक सर, वर भरती, एवढं पुरतं. किराणा दुकानातली खालच्या फळीवरची पोती भिजतात, रिक्षाच्या इंजिनात पाणी जातं, लोकल थांबते, रोजंदारीवरच्या माणसाचा दिवस बुडतो. यातलं काहीही पालिकेच्या जमाखर्चात दिसत नाही, आणि यातलं बरंचसं टाळण्यासारखं आहे, कारण वाहिनीची क्षमता आणि आलेलं पाणी यांतला फरक अशा दिवशी थोडाच असतो. तेवढा फरक वरच्या अंगाला अडवला, तर खालचा रस्ता कोरडा राहतो.

तिसरा आक्षेप मुंबईच्या मातीचा. जुलै उजाडेपर्यंत जमीन तुडुंब प्यायलेली असते, किनाऱ्यालगत भूजल वरच असतं, खाली कातळ. पाणी मुरणार कुठे? या आक्षेपात मुरवणं आणि थोपवणं यांची गल्लत आहे. मुरलं तर उत्तमच, पण गटाराचं ओझं कमी करायला पाणी मुरायलाच हवं असं नाही. ते चार-सहा तास उशिरा आलं तरी पुरतं. एक एकराच्या, म्हणजे सुमारे ४००० चौरस मीटरच्या एका सोसायटीचा विचार करा. तिच्यावर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला तर २०० घनमीटर पाणी होतं. त्यातलं निम्मं धरायचं तर दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि दोन मीटर खोल टाकी लागते. हे पाणी दहा हजार लिटरच्या दहा टँकरांइतकं. वाहनतळाच्या एका कोपऱ्याखाली ही टाकी मावते. तिच्यात एक बारकावा मात्र आहे, आणि सगळा फायदा त्यावर अवलंबून आहे. टाकीला तळाशी कायम उघडं असणारं छोटं भोक हवं. पाच सेंटिमीटर व्यासाच्या भोकातून, टाकीत मीटरभर पाणी असताना, तासाला सुमारे १९ घनमीटर पाणी बाहेर जातं. म्हणजे भरलेली टाकी साधारण पाच-सहा तासांत आपोआप जवळजवळ रिकामी होते आणि पुढच्या सरीला मोकळी असते. भोक नसलेली टाकी जूनच्या पहिल्या आठवड्यात भरते आणि ऑक्टोबरपर्यंत तशीच राहते. ती वापराच्या पाण्यासाठी चांगली, पुरासाठी निरुपयोगी. आपल्याकडच्या पर्जन्यजल संधारणाच्या बहुतेक नियमांनी या दोन कामांत फरकच केलेला नाही.

चौथा आक्षेप अनुभवातून आलेला आहे, म्हणून सर्वांत जड. मुंबईत २००२ मध्येच १००० चौरस मीटरवरच्या नव्या भूखंडांना पर्जन्यजल संधारण सक्तीचं झालं. ती मर्यादा पुढे बदलत गेली. भोगवटा प्रमाणपत्र मिळेपर्यंत खड्डा असतो, त्यानंतर त्याच्यावर गाडी उभी राहते. नियम करून काही होत नाही, मग दर लावून काय होणार? मला वाटतं नेमका इथेच पैशाच्या हिशेबाचा उपयोग आहे. प्रमाणपत्र एकदाच लागतं, बिल दर वर्षी येतं. प्रमाणपत्रासाठी टाकी एक दिवस असली तरी चालते. सवलतीसाठी ती दर मे महिन्यात तपासून घ्यावी लागते, आणि तपासणी चुकली की सवलत जाते. टाकीतला गाळ काढायचा खर्च सोसायटीच्या वार्षिक सभेत मांडायला सचिवाकडे कारण तयार होतं. सक्ती फक्त नव्या बांधकामाला लागू होते. आकार जुन्या चाळीच्या, मॉलच्या, गोदामाच्या आवारालाही लागतो. आणि शहरातला बहुतेक पक्का पृष्ठभाग जुनाच आहे.

राहिला सर्वांत तिखट आक्षेप: आणखी एक कर? इथे दोन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. पहिली, हा जादा पैसा असण्याची गरज नाही. आज पावसाळी निचऱ्याला सर्वसाधारण करातून जितकं जातं, तितका तो कर कमी करून ती रक्कम पक्क्या पृष्ठभागावर वाटावी. एकूण वसुली तीच, वाटणी वेगळी. फिलाडेल्फियातही मूळ बदल वाटणीचाच होता. दुसरी गोष्ट, वाटणी बदलल्यावर बोजा गरिबांवर येईल ही भीती आकडे पाहिले तर टिकत नाही. शंभर सदनिकांच्या इमारतीत एकेका घराच्या वाट्याला छपराचे थोडेच चौरस मीटर येतात. झोपडीचं छप्पर दहा-पंधरा चौरस मीटरचं. ज्यांच्याकडे एकरांनी डांबर आणि काँक्रीट आहे ते मॉल, गोदामं, डेपो, विमानतळ, रेल्वेची आवारं, सरकारी कार्यालयं, क्लब. मुंबईने २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ केलाच आहे. तीच रेघ इथेही ओढता येईल. हे पैसे कर म्हणून न घेता सेवेचं शुल्क म्हणून घेणं महत्त्वाचं आहे, याला कायद्याचं कारण आहे. संविधानाच्या कलम २८५ मुळे केंद्र सरकारच्या मालमत्तेवर पालिका कर लावू शकत नाही, पण सेवेच्या शुल्काला ती मनाई लागू होत नाही. उत्तर प्रदेशातल्या रेल्वेच्या पाणी आणि मलनिःसारण आकारांच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये हा फरक मान्य केला. अमेरिकेतही केंद्रीय खात्यांनी ‘हा कर आहे, आम्ही भरणार नाही’ अशीच भूमिका घेतली होती, आणि जानेवारी २०११ मध्ये कायदा करून त्यांना पावसाच्या पाण्याचं वाजवी शुल्क भरायला लावावं लागलं. मुंबईत रेल्वेची जमीन, बंदराची जमीन, केंद्राच्या वसाहती यांचा पसारा पाहता हा मुद्दा किरकोळ नाही. अर्थात शुल्क म्हटलं की ते त्याच कामावर खर्च करण्याची जबाबदारी पालिकेवर येते. वेगळं खातं, वेगळा ताळेबंद. नालेसफाईच्या खर्चावर दर पावसाळ्यात जे संशय घेतले जातात, त्यांना उत्तर द्यायलाही ते खातं उपयोगी पडेल.

पालिकेलाही हे शुल्क लागू झालं पाहिजे, आणि माझ्या मते सर्वांत आधी तिलाच. शहरात सुमारे २००० किलोमीटरचे रस्ते आहेत आणि ते टप्प्याटप्प्याने सिमेंट काँक्रीटचे करण्याचं काम सुरू आहे. खड्ड्यांच्या दृष्टीने त्याचे फायदे आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण रस्ते विभाग काँक्रीट ओततो तेव्हा त्याच्या अंदाजपत्रकात सिमेंट, सळई, मजुरी असते. त्या रस्त्यावरून पर्जन्य जलवाहिन्या विभागाच्या गळ्यात पडणाऱ्या पाण्याची किंमत नसते. एका विभागाने दुसऱ्याला हा आकार भरायचा म्हटलं, तर पदपथाकडेची दोन हात मातीची पट्टी वाचवण्यात रस्ते विभागालाही रस वाटू लागेल. मोकळ्या जमिनीचंही तसंच. इमारतींच्या आवारातली मनोरंजनाची मोकळी जागा पोडियमवर नाही, जमिनीवरच हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या एका प्रकरणात २०१३ मध्ये ठरवलं, ते मुलांच्या खेळण्याच्या आणि रहिवाशांच्या हक्काच्या अंगाने. त्या निर्णयाची निचऱ्यातली किंमत कुणी काढली असती, तर ती जागा वाचवायला आणखी एक भक्कम कारण मिळालं असतं.

सुरुवात करायला पुणं मुंबईपेक्षा सोयीचं आहे. तिथे भरतीओहोटी नाही, उतार चांगला आहे, आणि ओढ्यांचे पाणलोट स्पष्ट आखता येतात. कात्रजच्या डोंगरातून निघणाऱ्या आंबील ओढ्यावर नानासाहेब पेशव्यांच्या काळात तलाव बांधून दगडी नळाने शहराला पाणी आणलं होतं. त्याच ओढ्याला २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पूर आला, सहकारनगर-अरण्येश्वरच्या बाजूला भिंती कोसळल्या, माणसं दगावली, गाड्या वाहून एकमेकींवर चढल्या. वरच्या अंगाला डोंगरउतार फोडणारे आणि प्लॉट पाडणारे एका ठिकाणी होते, बुडणारे दुसऱ्या ठिकाणी. पुणे महापालिका पर्जन्यजल संधारण, सौरऊर्जा, गांडूळखत यांसाठी मालमत्ता करात ५ ते १० टक्के सवलत देते. कल्पना चांगली, पण सवलत कराच्या टक्क्यात आहे, अडवलेल्या पाण्याच्या लिटरात नाही. त्यामुळे महागड्या इमारतीला तिच्या नावापुरत्या खड्ड्याबद्दल मोठी रक्कम मिळते, आणि ओढ्याच्या वरच्या अंगाला खरोखर पाणी थोपवणाऱ्या साध्या सोसायटीला थोडी. हीच सवलत तिच्या आजच्या एकूण रकमेत, एका ओढ्याच्या पाणलोटापुरती, थोपवलेल्या घनमीटरमागे देऊन पाहता येईल. त्याआधी त्या पाणलोटातला प्रत्येक मोठा भूखंड किती पक्का आहे आणि ५० मिलिमीटरच्या सरीत तो ओढ्याला किती पाणी देतो, एवढा तक्ता उपग्रहाच्या छायाचित्रांवरून काही महिन्यांत तयार होऊ शकतो. पहिल्या वर्षी कुणाकडूनही पैसे न घेता तो आकडा मालमत्ता कराच्या देयकावर नुसता छापला तरी चालेल, आणि क्षेत्रीय कार्यालयाच्या फलकावर लावायला तर कुठल्याही कायद्यात दुरुस्ती करावी लागणार नाही.